पावणं, चहा घ्या

१२ जानेवारी १९९९, मंगळवार

कार्डं छापून आली. 'दर्शन पाटील, सेल्स एक्झिक्युटिव्ह.' पाटील मी. दर्शन कोण ते अजून बघायचं आहे.

ऑफिसच्या सरांचं म्हणणं, माझं खरं नाव 'दादासो' वाचलं की कारखानदाराला वाटतं दूध घालायला आलाय. डोक्यात तिडीक गेली. हात उचलणार होतो. नोव्हेंबरात मास्तरांच्या अंगावर जर्नल फेकून डिप्लोमा सोडला तो ह्याच हातानं, म्हणून खिशात घातला.

सरांचे नियम : टाय रोज. 'हाय' नाही, 'आहे'. 'न्हाय' नाही, 'नाही'. गाव विचारलं तर पुणे. आग विझवायचे सिलिंडर विकायचेत, भाषेचा काय संबंध? विचारलं नाही. सराव म्हणून वहीतसुद्धा 'आहे' लिहायचं ठरवलं आहे.

ऑफिसात फोन घेणारी वैशाली (इथून पुढं वै.) कबनूरहून येते एसटीनं. कार्ड हातात घेऊन म्हणाली, "शोभतं तुम्हाला." त्यानंतर दिवसभर काही विकलं नाही. विकायची इच्छाच झाली नाही.

१९ जाने.

वै. ने विचारलं, पुण्यात कुठं होता? म्हटलं, डेक्कनला. डेक्कन मी एकदा बसमधून बघितलंय. ती म्हणाली, "तुमचं बोलणं ऐकत बसावं वाटतं." मग काय, बोलतच बसलो. जेवायची सुट्टी संपली, डबा तसाच.

आईनं घरी डब्यावरून शिव्या घातल्या. आप्पा काही बोलले नाहीत. नोव्हेंबरापासून आप्पा कशावरच बोलत नाहीत. कॉलेज सोडून आलो त्या दिवशी फक्त, "जेवलास का?" एवढंच. त्यापेक्षा दोन कानाखाली चालल्या असत्या.

२८ जाने., गुरुवार

 नीट लिहिता येत नाही. तरी लिहिणार.

शिरोलीत नवीन फाउंड्री गाठली. केबिन छोटी, दार उघडं, बाहेर लगेच मोल्डिंगचं, वाळूचे साचे भरायचं काम. मालक चांगला माणूस, मोठ्यानं बोलणारा. सिलिंडर दाखवला. सगळं 'आहे, आहे' मध्ये. मालक खूश.

"गाव कुठलं म्हणायचं?"

"आम्ही मूळचे पुण्याचे."

"वडील काय करतात?"

"बँकेत आहेत."

हे कुणी शिकवलं नव्हतं. सरांनीसुद्धा नाही. माझं मीच बोललो.

मालकांनी दाराकडं बघून हाक मारली, "ए पाटील, चहा सांग पावण्यास्नी." मी मान वळवली. मालक हसले, "तुम्ही नव्हं. आमचा पाटील."

आणि चहा घेऊन आले ते आप्पा.

आप्पा ठेकेदाराच्या टोळीत. कधी ह्या फाउंड्रीत, कधी त्या; सगळे मालक ओळखतात. आज इथं असतील हे मला… कसं कळणार होतं? कोपरापर्यंत काळे हात. दोन्ही हातांनी ताटली धरलेली. माझ्या टायकडं बघितलं, मग माझ्याकडं. दार उघडं होतं. बँकेचं ऐकलं का नाही, माहीत नाही. ऐकलं असणार.

म्हणाले, "पावणं, चहा घ्या."

मी कप उचलला. म्हटलं, "धन्यवाद, काका."

काका म्हटलं मी.

आप्पा गेले. परत वाळू चाळत बसले. मालकांनी विचारलं, साखर जास्त झाली का? तोंड कसलं झालं होतं कुणास ठाऊक.

२९ जाने.

काल घरी गेलो तर आप्पा जेवायला बसलेले. आईला म्हणाले, "पावण्यास्नी वाढ." आईला चेष्टा वाटली, हसली. 

आज सकाळी मी विचारलं, आप्पा, सायकल घिऊ का? "घ्या की. तुमचीच हाय."

'तुमी'. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. 

१ फेब्रुवारी, सोमवार

फाउंड्री बंद, आप्पा घरी. तोंडावर भांडायचं ठरवून गेलो. म्हटलं, शिव्या द्या, मारा, पन ह्ये तुमी-आमी बंद करा. आप्पा नखातली काळी वाळू काडीनं काढत होते. वर न बघता म्हणाले, "चांगलं बोलता तुमी. ऐकत हुतो मी. एक शब्द चुकला न्हाई."

मी तांब्या फेकला. आप्पांनी उठून उचलला, धुतला, जागेवर ठेवला. वाईट ह्याचं वाटलं, की ते कौतुकच करत होते. टोमणा नव्हता. खरंच नव्हता.

३ फेब्रु.

वै. ला सगळं सांगितलं. नाव दादासो, गाव कसबा बावडा, बाप मोल्डर, पुणे बसमधून बघितलेलं. सांगताना वाटत होतं, संपलं, आता ही उठून जाणार. रडायची तयारी ठेवली होती.

ती म्हणाली, "माहीत होतं मला."

कसं?

"तुमच्या आईचा फोन यायचा. 'पाटलाचा दादासो हाय का?' म्हणून. मी सांगायची, असं कुणी नाही इथं. राँग नंबर."

 आईला ऑफिसचा नंबर मीच कॅलेंडरवर लिहून दिलाय, अडचण आली तर म्हणून.

"तुम्हाला बरं पडावं म्हणून केलं," म्हणाली. "सरांसमोर दादासो अशी हाक मारली असती तर तुमची काय अवस्था झाली असती?"

शेवटचा फोन कधी? जरा आठवून म्हणाली, मागच्या गुरुवारी सकाळी. डबा राहिलाय म्हणत होत्या. वडलांना अचानक दुसऱ्या फाउंड्रीत पाठवलंय, शिरोलीकडं गेलास तर घरून डबा घेऊन जा. फाउंड्रीचं नावसुद्धा सांगितलं होतं.

गुरुवार म्हणजे २८. मी त्याच फाउंड्रीत निघालो होतो. निरोप मिळाला असता तर मी गेलोच नसतो. नाहीतर डबा घेऊन गेलो असतो, आप्पांचा पोरगा म्हणून.

तिच्यावर ओरडलो. लई ओरडलो. तुला कुणी शाणपणा सांगितला? तिनं फोन बाजूला सरकवला. मग म्हणाली, "तुमीच की. रोज येऊन दर्शन म्हणून बसता, मी काय तुमचं खोटं पाडत बसू?" 'तुमीच की.' ह्याआधी तिच्या तोंडून असलं बोलणं ऐकलं नव्हतं. ती पण 'आहे' वालीच असणार, वाटायचं. कबनूरची ती, मी कसा विसरलो…

घरी आईला विचारलं. "व्हय, केलता की फोन. ती बाई म्हणती असा कोण न्हाई हितं. मला वाटलं नंबर चुकला. आप्पा उपाशीच ऱ्हायले त्या दिवशी."

उपाशी होते. आणि मला चहा आणून दिला.

६ फेब्रु.

त्याच फाउंड्रीची ऑर्डर आली. सरांनी पाठीवर थाप मारली. मंगळवारी सगळ्या कामगारांसमोर प्रत्यक्ष आग विझवून दाखवायची. "तूच कर, तुझी भाषा गोड आहे."

वै. ला सांगितलं, तिथंच सांगणार, सगळ्यांसमोर. हे माझे वडील म्हणून.

ती म्हणाली, "त्यांना विचारलंत?"

बापाला बाप म्हणायला परवानगी कसली मागायची? असं म्हणून निघून आलो. तिनं ओढणी हिरवी घातली होती. हे लिहायची वेळ आहे का, पण घातली होती.

९ फेब्रु., मंगळवार

आवारात पत्र्याच्या ताटलीत तेलाच्या चिंध्या पेटवल्या. तीसेक कामगार गोल उभे. आप्पा मागच्या रांगेत.

सुरुवात केली : "सुरक्षा-खिट्टी काढून नळीचे तोंड ज्वाळेच्या पायथ्याशी रोखावे." एकजण शेजारच्याला म्हणाला, "पायथा कुठं असतोय रं आगीला?" सगळे हसले. मला घाम. आग वाढत होती.

मग सुटलंच तोंड. "ह्यो खिट्टा वडायचा. हिकडं दाबायचं. आन् वरनं मारायचं न्हाई, बुडात मारायचं, बुडात. वरनं मारलं तर आग हासती तुम्हाला." पांढरी भुकटी भस्सकन उडाली, आग गेली. टाळ्या पडल्या. एकेकजण पुढं येऊन स्वतः करून बघायला लागला.

मालक म्हणाले, "पुण्याचं पाणी लौकर उतरलं की वो."

म्हटलं, "मालक, मी पुण्याचा न्हाई. बावड्याचा. नाव दादासो. बाप बँकेत न्हाई माझा." आणि हात करून, "त्ये बगा. त्ये माझं वडील."

सगळ्यांच्या माना मागं वळल्या.

आप्पा म्हणाले, "न्हाई वो मालक. पावण्यांचा कायतरी घोटाळा झालाय. माझं पोरगं कॉलेजात हाय. विंजनेर व्हतंय."

टोळीतला एकजण लगेच, "व्हय व्हय. पाटलाचं पोरगं लई हुशार. सांगतोय की रोज. औंदा सुटतंय बगा."

दुसरा म्हणाला, "पेढं द्याचं ठरलंय मालक, आमास्नी."

मी हातात रिकामा सिलिंडर घेऊन उभा. आप्पा माझ्या डोळ्यांत बघत होते, सरळ. रागानं नव्हे. गप ऱ्हा म्हणत होते.

मी गप राहिलो. मालकांना म्हटलं, नावात गल्लत झाली. मालक म्हणाले, "गल्लत बापात करत्यात व्हय?"

१० फेब्रु.

काल हे लिहायला जमलं नाही.

सुटायच्या वेळी रस्त्यात आप्पांना गाठलं. सायकल हातात धरून चालत होते. म्हटलं, का असं केलं? सगळ्यांम्होरं खोटं पाडलं मला.

म्हणाले, "आन् तू कुणाला पाडलंस?"

मग बोलले. नोव्हेंबरापासूनचं सगळं एका दमात. "तू भांडून आलास, मी तुला काय बोललो? घरात न्हाई बोललो, बाहीर कुणाला सांगितलं पन न्हाई. टोळीत रोज इचारत्यात, पोरगं काय म्हंतंय? मी सांगतोय, परीक्षा हाय, अभ्यास करतंय. तीन म्हयनं सांगतोय. आता काय सांगू? पोरगं शाळा सोडून टाक्या इकतंय, आन् बापाला काका म्हंतंय?"

मी त्यांच्या सायकलचं हँडल धरलं.

"तुजं खरं झालं की माझं खोटं पडतंय, दादासो."

बारा दिवसांनी नाव घेतलं. आनंद व्हायला पाहिजे होता. जमलं नाही. आप्पा खोटं बोलतात? आप्पा? टोळीत बसून माझ्या परीक्षांच्या तारखा सांगतात?

विचारलं, मग मी काय करू?

"मला काय इचारतोस. मी तरी कुठं शिकलोय ह्यातलं."

१३ फेब्रु.

फाउंड्रीच्या मालकांचा सरांना फोन. माल पसंत. दुसऱ्या पाळीच्या कामगारांनापण शिकवायचं, पण त्याच पोरानं, त्याच बोलीत. सर आमच्याकडं बघून, "कुठल्या बोलीत?"

वै. म्हणाली, "कोल्हापुरी बोलतात सर. फार छान बोलतात." सरांचा चेहरा बघण्यासारखा. मी सगळं सांगून टाकलं सरांना. वाटलं, हाकलणार. सरांनी माझं जुनं कार्ड उलटं करून पुढं सरकवलं. मग म्हणाले, पुढच्या कार्डावर काय छापायचं ते लिहून दे. मी स्वतः इथल्याच माणगावचा, म्हणाले, हा पुणेरी आवाज मलाही वरून घालावा लागतो.

मला वाटत होतं एकटा मीच घालून फिरतोय.

कार्डाचं लिहून दिलं नाही अजून. पेन टेकवलं, वै. बघत होती. टेबलाखाली तिचा पाय माझ्या बुटाला लागला. चुकून असेल. तरी चुकून नसेल असं अख्खी संध्याकाळ धरून चाललोय.

घरी आप्पांना विचारलं, दुसऱ्या पाळीला शिकवायला येऊ का? तुमास्नी अडचण हुईल तर दुसऱ्याला पाठवतो. विचारून करायचं, एवढं तरी वै. कडून शिकलो. आप्पा म्हणाले, "बगू."

१८ फेब्रु., गुरुवार

वही खिशात घालून आणली. फाउंड्रीच्या गेटसमोरच्या टपरीवर लिहितोय. तीन वाजून दहा.

आप्पांनी आज पाळी बदलून घेतली. मला न सांगता. दुपारी दोघं एकाच सायकलीवर आलो. मी चालवत होतो, आप्पा मागं, सिलिंडर मांडीवर.  मग गेटच्या अलीकडं उतरले. म्हणाले, "तू हो म्होरं. मी सायकल लावून येतो."

टाय आज घातला नाही. म्हणजे घातलेला, टपरीवर येऊन काढला.

दुसऱ्या पाळीची माणसं एकेक आत चालली आहेत, टोळीतलीही काही. दोघांनी मला ओळखलं, हात केला. एकजण म्हणाला, "काय पावणं, आज पाटील न्हाई व्हय तुमच्या संगं?" म्हटलं, येत्यात.

भोंगा झाला. मी गेटात शिरलो नाही अजून. आप्पा स्टँडपाशी वाकलेत. कुलूप घालतायत. सायकलच्या कुलपाला एवढा वेळ लागत नाही. दोनदा वर बघितलं त्यांनी, मी गेलो का म्हणून.

मी हाय हितंच.