दोरावरच्या नावेचे चार शब्द

३ जून
नदी जलमार्ग विधेयकाचा मसुदा माझ्या टेबलावर. कलम सात : पात्रात आडवा दोर, जाळं, खांब चालणार नाही. दादा या काठापासून त्या काठापर्यंत बांधलेला दोर ओढतच नाव चालवतो. त्याच नावेवर माझं कॉलेज झालं. 'दोरावरच्या प्रवासी नावा वगळून', चार शब्द घातले की झालं. उद्या घालतो.

४ जून
घातले नाहीत. सख्ख्या भावासाठी कायदा वाकवायचा? परक्याची नाव असती तर घातले असते का? असते. म्हणजे न घालणं हाही पक्षपातच? मुद्दा खोल आहे. दोन पानी टिपण केलं.

१९ जून
साहेबांनाच सुचवायचं ठरवून गेलो. ते म्हणाले, काही राहिलंय का? म्हटलं, कलम सातमध्ये एक स्वल्पविराम. बारकाईचं कौतुक झालं.

८ ऑगस्ट
विधानसभेत मंजूर. आता केंद्राची मंजुरी. उत्तम! मागचं विधेयक चार वर्षांनी एकवीस शंका घेऊन परत आलं होतं. यंदा पहिल्याच शंकेबरोबर चार शब्द घुसवतो. दादाला फोन केला, नवी नाव बांधायला घे, मी बसलोय ना इथे! तो म्हणाला, तू आहेस म्हणून तर निवांत आहे. मागून वहिनी ओरडली, भाऊजी, आधी कागदावर येऊ द्या! वहिनीला प्रोसिजर कळत नाही.

३० ऑगस्ट
मंजुरी आली. बावीस दिवसांत. एकही शंका नाही. वर शेरा : इतका निर्दोष मसुदा क्वचितच येतो. सेक्शनने टाळ्या वाजवल्या. मी दोनदा उभा राहिलो. दादाला उद्या सांगतो.

११ सप्टेंबर, दुपारी
सांगायचं राहिलं. आज दोर कापायला माणसं गेली. दादा आडवा पडला म्हणे, कायदा करतो तिथेच माझा भाऊ आहे, त्याला विचारा. त्यांनी ऑफिसला फोन केला. मीच उचलला. सूट आहे का? नाही म्हटलं. नाहीच आहे. मग दादा स्वतः फोनवर आला. साहेब, माझ्या धाकट्याला जरा बोलवता का?
आवाज जाड करून म्हटलं, ते आज रजेवर आहेत.

सायंकाळी
आजच्या तारखेचा रजेचा अर्ज देऊन आलो. उगाच खोटं बोलल्यासारखं व्हायला नको.