होकाराचं पाकीट

४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला म्हणून रागावू नकोस. चांगली आणि वाईट अशा दोन्ही बातम्या एकाच आठवड्यात आल्या आणि दोन्हींनी मिळून माझी झोप उडवली.

आमचा नकाशा विभाग गुंडाळणार अशी कुणकुण वर्षभर होतीच. आता वरून पत्रच आलंय. आरेखकांच्या सोळा पदांपैकी अकरा रद्द, ज्येष्ठ पाच तेवढे राहणार. यादी जुलैत लागेल. मी पाचवा की सहावा, यावर चहाच्या टेबलावर रोज वाद होतो आणि साहेब मान खाली घालून शेजारून जातात. सरकारी नोकरी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं बाबा म्हणायचे. ही रेघ पेन्सिलीची निघाली.

दुसरी बातमी अशी की समुद्रापलीकडच्या एका जहाजबांधणीच्या कारखान्याला मी गंमत म्हणून अर्ज केला होता. त्यांचं बोलावणं आलंय. जूनअखेर सहीचं उत्तर हवं. पहिलं वर्ष एकट्याने काढायचं, मग हिला आणि ठकीला नेता येईल. त्यांच्या कागदावर ‘पत्नी व मुले’ एवढाच रकाना आहे. बाबांना कुठे लिहू?

त्यांना आता भिंगाशिवाय अक्षर दिसत नाही. ही म्हणते, जा. बाबा काहीच म्हणत नाहीत. माझं झालंय, धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तू सांगशील तसं करीन.

मायेत कमीजास्त करू नये, ही विनंती.
तुझा धाकटा

११ जून

चि. खोडरबरास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लहानपणी एक चित्र काढायला खोडून खोडून दहा कागद फाडायचास, म्हणून हे नाव ठेवलं. अजून शोभतं. गंमत म्हणून कोणी समुद्रापलीकडे अर्ज करतं का रे?

मी सांगेन तसं करशील आणि पुढे जन्मभर मला ऐकवशील, तेव्हा मी काही सांगणार नाही. बाबांची काळजी मात्र मध्ये आणू नकोस. आमच्या दोन खोल्यांत ह्यांचं शिवणयंत्र खिडकीशी सरकवलं की एक खाट मावते. मी मोजून पाहिलंय.

बाबा काहीच म्हणत नाहीत याचा अर्थ तू विचारलंच नाहीस. आपल्या घरात सगळे एकमेकांच्या मनातलं ओळखतात आणि हमखास चुकीचं ओळखतात. शेजारी बस आणि तोंडाने विचार.

ठकीला पापे. आहेस तसा राहा, पण निर्णय घे.
तुझी ताई

१९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हसशील म्हणून आधीच सांगतो, हस.

कचेरीत साहेबांपुढे कायम दोन मसुदे ठेवायचे असतात, एक मंजुरीचा आणि एक नामंजुरीचा. साहेब हवा त्यावर सही करतात. चौदा वर्षांची सवय! घरीही मी दोन पत्रं लिहिली, एक होकाराचं, एक नकाराचं. इथे साहेबही मीच, म्हणून दोन्हींवर सही केली, पाकिटं बंद केली, तिकिटं लावली, कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक ‘हो’ आणि ‘नाही’ लिहिलं. दोन दिवस समोर ठेवून एक टाकणार होतो.

कचेरीतून आलो तर टेबल साफ! बाबांनी छत्तीस वर्षं जावक टपाल सांभाळलं. बंद पाकीट टेबलावर रात्र काढत नाही, हा त्यांचा नियम. कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत भिंतीला हात लावत गेले आणि दोन्ही टाकून आले. ऐकल्यावर ही हसत सुटली, मग तिला रडू आलं.

ती म्हणते, आता तिसरं पत्र पाठव, मनात असेल ते लिही. बसलो होतो. लिहिता आलं नाही. खरं सांगू? कारखानाच काय ते ठरवेल, या विचाराने जरा सुटल्यासारखं वाटलं. बाबांना विचारायचंही राहून गेलं.

लोभाला ओहोटी नसावी.
तुझा धाकटा

१७ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

यादी लागली. मी सहावा. सप्टेंबरअखेर पद रद्द.

कारखान्याचं उत्तर त्याच्या आदल्या दिवशी आलं. आपला नकार मिळाला, जागा दुसऱ्यास दिली, शुभेच्छा. होकाराचा उल्लेखही नाही. टपालात गहाळ झाला असणार. तेलही गेलं, तूपही गेलं.

पत्र वाचलं तेव्हा कळलं की मला जायचं होतं. फार जायचं होतं. हिला अजून हे बोललो नाही. ती काही विचारतही नाही, ठकीचा अभ्यास घेत बसते. बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत, माझ्या काळजीने असेल.

सध्या इतकंच. विसरू नकोस.
तुझा धाकटा

२९ जुलै

चि. सौ. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

पट्टी ठेवून लिहितो आहे, तरी ओळी वाकड्या जातील. तुझं पत्र सूनबाईंनी वाचायला घेतलं, पण पहिल्याच ओळीनंतर थांबल्या आणि माझ्या हातात भिंग देऊन बाहेर गेल्या. बाबांच्या हातून छत्तीस वर्षांत एक पाकीट गहाळ झालं नाही, मग हेच कसं झालं, असं तू सरळ विचारलंस. बरं केलंस.

गहाळ झालं नाही. माझ्या उशीच्या अभ्र्यात आहे. कोपऱ्यातलं ‘हो’ मला भिंगाने दिसलं होतं. पेटीत मी एकच पाकीट टाकलं आणि दोन्ही टाकली म्हणून सांगितलं. सवयीने केलं नाही, भीतीने केलं. तुझ्याकडे यायची भीती नव्हती गं. तो गेला की पुन्हा दिसायचा नाही, याची होती. दोन वर्षांनी समोर येऊन उभा राहिला असता तरी मला नुसती सावली दिसली असती.

काल त्याला सगळं सांगितलं. ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, बाबा, एकदा नुसतं जाऊ नकोस म्हणाला असतात तरी मी थांबलो असतो. ते मला ठाऊक होतं. थांबला असता आणि जन्मभर माझ्यामुळे थांबला असता. नशिबावर ढकललं तर माझ्यावर राग राहणार नाही, असा हिशेब केला. लबाडी ती लबाडीच.

कारखान्याला मी कालच पत्र घातलं, चूक माझी, मुलाची नाही म्हणून. जागा भरली आहे, उपयोग होईलसं वाटत नाही. पण तो आता दुसरीकडे अर्ज करणार आहे, लांबलांबच्या गावी. मीच बसवून लिहून घेतले. ज्या दिवशी बोलावणं येईल त्या दिवशी मी या घरात असता कामा नये, म्हणजे त्याला विचार करावा लागणार नाही.

तेव्हा जावईबापूंना सांगून खाटेची सोय कर. आणि तुझ्या जिन्याला पायऱ्या किती, वळण कुठे, न्हाणीघर उजवीकडे की डावीकडे, ते मोजून कळव. नजर गेली तरी पाठांतर शाबूत आहे. इथून निघायच्या आत पाठ करून ठेवतो.

अपराधी असलो तरी तुमचाच आहे, एवढं असू द्या.
तुझे बाबा