आठ महिने न वाजलेला भोंगा

प्रिय धाकट्या,

हे पत्र तुला डब्याच्या झाकणाखाली सापडेल. आधी वाच, मग जेव. नुसतं "बाहेर ये" म्हटलं तर तू येणार नाहीस, लहानपणापासून तुला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं, म्हणून सगळं लिहितेय.

तुमच्या कारखान्यात खालच्या टाक्यांच्या खोलीत विषारी गॅस वाढला की भोंगा वाजवणारा प्रोग्राम माझ्या ताईचा, असं तू मिरवत सांगतोस. तो बसवला तेव्हा चाचण्यांपायी भोंगा दिवसातून दहादा केकाटायचा आणि शेजारच्या शाळेतली मुलं रडायची. म्हणून मी तिथल्या कॉम्प्युटरवर एक सेटिंग ठेवलं, 'सराव: होय'. ते प्रोग्रामच्या आत नसतं, बाहेर असतं. प्रोग्राम सुरू होताना ते एकदाच वाचतो आणि पुढे तसाच वागतो. सराव असला की धोका गुपचूप नोंदवायचा, भोंगा वाजवायचा नाही. नोकरी सोडली त्या दिवशी मी 'होय'चं 'नाही' केलं आणि निरोप घेऊन घरी आले. प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करायचा राहिला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते हेच.

आठ महिने भोंगा एकदाही वाजला नाही म्हणून तुम्ही सगळ्यांनी माझं कौतुक केलंत. काल आई म्हणाली, दोन दिवस तुझं डोकं जड आहे, खाली उतरलं की मळमळतं, पण भोंगा गप्प आहे म्हणून तू निर्धास्त आहेस. प्रोग्राम पुन्हा सुरू करायचा राहिला होता, ते मला तेव्हा आठवलं.

सकाळी गेटवरून तुमच्या साहेबांना फोन केला. त्यांनी पडद्यावर पाहिलं, 'सराव: नाही' दिसलं, आणि हसले. जो पाहील त्याला तेच दिसणार. आत चालणाऱ्या प्रोग्रामला मात्र अजून जुनंच ठाऊक आहे. चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची, म्हणाले. मला आत सोडत नाहीत. तुला फोन लावला की तो इथेच, तुमचे फोन जमा करतात त्या गेटवरच्या कपाटात वाजतो.

जेवणानंतर खाली उतरायची पाळी तुझी आहे, पहारेकऱ्याने सांगितलं. उतरू नकोस, कुणाला उतरू देऊ नकोस. वरच्या खोलीत जाऊन प्रोग्राम बंद कर आणि पुन्हा सुरू कर, तुला मीच शिकवलंय. भोंगा वाजला की सगळ्यांना घेऊन बाहेर पळ. मी गेटसमोरच्या बाकावर बसलेय. माझी चूक साऱ्या गावाला ऐकू जावी, एवढंच आता मागणं आहे.

तुझीच,
ताई