आबांच्या रायफलीची माशी

१२ डिसेंबर १९५३

म्हणे दुर्बिणीत बुरशी धरली!

ह्यांनी आज सकाळी आबांच्या रायफलीवरची दुर्बीण स्क्रू काढून उतरवली. ‘आत सगळं धुरकट झालंय, काही दिसत नाही. आता साधी माशी बसवतो. घरीच.’ माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो नेम धरायचा बारीक दाणा. हे आंघोळीला गेल्यावर मी दुर्बीण डोळ्याला लावली. स्वच्छ! समोरच्या कौलावरचं मांजर मिशांसकट दिसलं.

मग खोटं का बोलले?

आबांनी सारी हयात दरबारच्या शिकारखान्यात घालवली. त्यांना मुलगा नाही, म्हणून लग्नात रायफल जावयाच्या हातात दिली. परवाना ह्यांच्या नावाचा असेना का, वडिलांची म्हणून माझ्याकडे एवढी एकच वस्तू आहे. तिला कोणी हात लावलेला मला खपत नाही.

१४ डिसेंबर

केरबा भावोजी येऊन दुर्बीण पिशवीत घालून घेऊन गेले. ‘दुरुस्तीला न्हेतो, वैनी.’ जी बिघडलेलीच नाही ती दुरुस्तीला!

दोघे भाऊ सोप्यात बसून हळू आवाजात बोलत होते. हळू – आणि केरबा भावोजी! त्यांची साधी हाक पेठेच्या पलीकडच्या टोकाला जाते. मी चहा घेऊन गेले तर एकदम थंडीच्या गप्पा. ‘लई गारठा हाय की औंदा.’

मला दसरा आठवला. सगळ्यांच्या देखत भावोजी म्हणाले होते, ‘दादा, रायफल माझ्याकडं दे. मळ्यात डुकरं ऊस लोळवत्यात. तू हितं मंगळवार पेठेत काय मारनार? घुशी?’ सगळे हसले. मी हसले नाही.

१७ डिसेंबर

सोप्यात नुसता लोखंडाचा कीस! दोन पाट, मध्ये जुन्या धोतरात गुंडाळलेली रायफल. दुर्बिणीच्या स्क्रूंची भोकं बुजवली. नळीच्या टोकाशी आडवी खाच होती, तिच्यात माशी ठोकून बसवली. डोळे कानशीवर नाहीतच, भिंतीकडे. बोटानं चाचपायचं, पुन्हा घासायचं. लक्ष कुठे असतं ह्यांचं?

मध्येच मला हाक. ‘जरा बघ गं, माशी मागच्या खाचेत मधोमध उभी राहतेय का?’ मी बघून सांगितलं, राहतेय. आजवर रायफलीतलं मला कधी काही विचारलं नव्हतं. आता माझी हुजरेगिरी कशासाठी?

२० डिसेंबर, रविवार

मळ्यावर गेलो. बांधाला पोतं टांगून त्यावर चुन्याचा ठिपका दिला. ह्यांचे तिन्ही बार पोत्याच्या वरून गेले. ते ठीक, नवीन माशी आहे. पण घरी येऊन केलं काय? माशी घासून आणखी ठेंगणी केली!

गोळी खाली जात असेल तर माशी घासायची. वर जात असेल तर घासायची नाही, उंच बसवायची. आबांनी हे माझ्यासमोर ह्यांना शिकवलं आहे. मी म्हटलं, ‘अहो, उलटं करताय.’

‘गोळ्या खालीच गेल्या.’

‘वर गेल्या! मी पाहिल्या, बांधाची माती उडाली!’

‘असू दे’ म्हणाले आणि उठून गेले. असू दे कसं? आबांची रायफल कानशीनं मारायची, मग ‘बिघडली बुवा’ म्हणून भावाच्या गळ्यात घालायची. मी काय एवढी खुळी आहे?

२३ डिसेंबर

दोघे भाऊ सकाळच्या गाडीनं मिरजेला गेले. कानस आणायला! इथल्या उद्यमनगरात एवढे कारखाने, तिथे कानशींचा दुष्काळ पडलाय वाटतं.

आले तेव्हा हातात काही नव्हतं. ह्यांनी जेवण टाकलं.

२६ डिसेंबर

माझ्या हुपरीच्या चांदीच्या पैंजणातलं एक घुंगरू नाही. कडी कोणीतरी नीट उकलून पुन्हा दाबलेली आहे.

भांडी घासणाऱ्या तानाबाईला विचारलं. विचारायला नको होतं. भांडी तशीच ठेवून ती उभी राहिली. ‘ताई, तुमच्या पायातलं न्हेऊन मी काय करू? माझ्या पायात चप्पल सुदिक न्हाय.’ आणि गेली. संध्याकाळी आली नाही.

२८ डिसेंबर

घुंगरू सापडलं! रायफलीच्या टोकावर!

लोखंडी माशी काढून तिथे माझी चांदी घासून बसवली आहे. मी ताडकन विचारलं तर म्हणाले, ‘काळी माशी तिन्हीसांजेला उठून दिसत नाही. पांढरी दिसेल असं वाटलं.’

‘मग मागायची होती!’

‘तू दिली नसतीस.’

नसतीच दिली. पण माझ्याच पायातलं चोरून भावाची सोय करायची? तानाबाईकडे मी स्वतः गेले. दारातच माफी मागितली. तिनं ‘बरं’ एवढंच म्हटलं. येईन म्हणाली नाही. माझा सगळा राग पुन्हा ह्यांच्यावर आला.

२ जानेवारी १९५४

ह्यांच्या मोजणी कचेरीतला शिपाई भेटला. ‘रावसाहेबांची तब्येत काय म्हनतीया? महिनाभराची रजा टाकल्या न्हवं?’

रजा! मला पत्ता नाही. रोज डबा घेऊन बाहेर पडतात ते जातात कुठे? घरी विचारलं. म्हणाले, ‘रायफलीचं काम उरकायचं आहे.’ रायफलीसाठी कोणी रजा काढतं का? मग वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले. तासभर पान उलटलं नाही. वाचत नाहीत, मागे लपतात.

६ जानेवारी

आज पुरावा मिळाला. दस्ता कापला! खांद्याला टेकायचं ते लाकूड चांगलं दोन बोटं कापून टोकाला रंध्याची सफाईसुद्धा केली.

हे सहा फूट उंच. लांब हातांना लांब दस्ता लागतो. आबांनी ह्यांच्यासाठी मुद्दाम लाकूड जोडून तो वाढवून दिला होता. तेच लाकूड कापलं. ह्या घरात आखूड हातांचा एकच माणूस येतो – बुटके केरबा भावोजी. आणि आज ते शेजारी बसून म्हणत होते, ‘बास, दादा. आता मापात आला बघ.’

चुलीपुढे बसून रडले. धूर होता, बरं झालं.

९ जानेवारी

रायफलीचा खटका, म्हणजे गोळी आत सारायचा तो सरकता लोखंडी दांडा, काढला. तो नसला की रायफल म्हणजे नुसती काठी. न्या म्हणावं काठी!

तांदळाच्या डब्यात लपवायला निघाले होते, तेवढ्यात हे आत आले. घाईनं देवघरातल्या कोनाड्यात ठेवला. समईशेजारी, अगदी उघडा. ह्यांनी कोनाड्याकडे सरळ पाहिलं. सरळ! आणि मला विचारलं, ‘खटका कुठे दिसला का गं?’

काय सोंग हे! दिसत असून विचारायचं, माझ्या तोंडून कबूल करून घ्यायला. मी म्हटलं, नाही.

१० जानेवारी

केरबा भावोजी आले. मी दारातच अडवलं. ‘रायफल न्यायला आलात?’

ते बघतच राहिले. ‘म्या कशाला न्हिऊ, वैनी? दादाला डोळ्याम्होरचं मधलंच दिसत न्हाय. कडंचं तेवढं दिसतंय. दिवाळीपास्नं. मिरजंचा डाक्टर म्हनला, चष्म्यानं व्हायाचं न्हाय. चांदीची माशी बी दिसंना, तवा दादा म्हनला, आता आबांच्या लेकीच्या मापाचा दस्ता करू. तुमास्नी सांगायचं न्हाय म्हनून मला शपथ घातलीया.’

मी आत जाऊन रायफल घेतली. माप बघायला दस्ता कोपराच्या लवणीत टेकवला. बोट बरोबर घोड्यावर आलं.

खटका ह्यांच्या हातात दिला. कुठे होता, विचारलं नाही. चाचपून बसवला आणि म्हणाले, ‘धर.’ मी खांद्याला लावून एक डोळा मिटला. पण रडू आवरेना, माशी मलाही दिसली नाही.