पंपावरचा माणूस

४ ऑगस्ट

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. काय लिहावं तेच सुचेना. ताई म्हणाली, कॉलेजने तुला घरी बसवलंय. सव्वीस वर्षं वर्तमानपत्रात काढलीस, मंत्र्यांशी भांडलास, तेव्हा कुणी हात लावला नाही. आता पोरांना बातमी लिहायला शिकवतोस, तर ही पाळी? वसतिगृहाची टाकी आठ महिने धुतली नाही, हे पोरांनी आपल्या अंकात छापलं. मुलं आजारी पडली, म्हणजे बातमी खरीच. प्राचार्य एवढंच विचारतात ना, की आतून कुणी सांगितलं? मग सांगून मोकळा हो. मी चौथी शिकलेला, मला यात अवघड काय ते कळत नाही. घास उतरत नाही बघ.

तुझ्या काळजीत,
बाबा

११ ऑगस्ट

ती. बाबांस शि. सा. न.

ज्याने विश्वासाने सांगितलं त्याचं नाव आपल्या तोंडून जायचं नाही, हे दर वर्षी पहिल्याच तासाला मी फळ्यावर लिहितो. आता मीच ते पुसू? तुमचा जीव टांगणीला लागू नये म्हणून फक्त तुम्हाला सांगतो. वसतिगृहाच्या पाण्याच्या पंपावरच्या म्हाताऱ्याने सांगितलं. त्याच्या नोकरीची दोन वर्षं उरलीत, बायको अंथरुणाला खिळलेली. मी कुठेही चार ओळी लिहून जगेन, त्याला कोण ठेवणार? पत्र फाडून टाका आणि वेळेवर जेवा.

तुमचा,
धाकटा

२ सप्टेंबर

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून हे माझं तिसरं. आधीच्या दोन्हींत धीर झाला नाही, आता सगळं लिहितो.

तुझं पत्र फाडलं नाही. खिशात घालून तुझ्या कॉलेजात गेलो. प्राचार्यांनी खुर्ची दिली, चहा पाजला, तुझं तोंडभर कौतुक केलं. म्हणाले, मुलगा हट्टी आहे, तुम्ही तरी त्याला वाचवा. एवढा शिकलेला माणूस गोड बोलतोय असं पाहून मी सांगून टाकलं.

जेवूनच जा म्हणाले, म्हणून दुपारी निघालो, तर फाटकाबाहेर गाडीच्या थांब्याची वाट चुकलो. एक म्हातारा डबा नि जुन्या चपला पिशवीत घेऊन निघाला होता. त्यानेच मला थांब्यापर्यंत पोचवलं. म्हणाला, तीस वर्षं पंप चालवला, आत्ताच कामावरून काढलं. मग विचारलं, तुम्ही कुणाचे? मी म्हणालो, कुणाचा नाही, सहज आलो होतो.

ताई म्हणते, कॉलेजने तुला परत बोलावलं आणि तू राजीनामा दिलास. मला कुणाची भाकरी काढायची नव्हती रे, तुझी राखायची होती. आता कुणाकडे जाऊ, काय सांगू, काही कळत नाही. वाटेल ते बोल मला, पण दोन ओळी लवकर पाठव.

बाबा