हाय, मीडियम, लो

१२ जानेवारी, सोमवार

प्रकरण चार संपलं एकदाचं. चौक गावच्या बाजारातल्या साठ मासळीवाल्या, प्रश्न अकरावा: बाजारामागच्या संडासाच्या सोयीबद्दल समाधान? हाय, मीडियम, लो. जवळजवळ सगळ्यांचं हाय. गाईड सर फोनवर चक्क खूश. "आकडे स्वच्छ आलेत मॅडम, आता हात लावू नका." सर कधी कुणाची स्तुती करत नाहीत, म्हणून लिहून ठेवतेय.

एम.ए. लोकप्रशासन, वय त्रेचाळीस. १६ फेब्रुवारीला पाचच्या आत लघुप्रबंध जमा, सोबत मी नोकरी करते त्या संस्थेचं सही-शिक्क्याचं सर्टिफिकेट. नाहीतर नोंदणी बाद, पुन्हा पहिल्यापासून. एकदा सासूबाईंच्या आजारपणात सोडलंय, आता नाही. संस्थेत पंधरा वर्षं दुसऱ्यांचे रिपोर्ट टाईप केले. ज्यांना काम शिकवलं ते माझे साहेब झाले. प्रकल्प प्रमुखाच्या जागेला पी.जी. लागतं म्हणे. लागतं ना, मग घेऊन दाखवते.

ऑफिसच्या कपाटात शिक्का शोधताना तो चाव्यांचा जुडगा परत हाताला लागला. कसल्या चाव्या, कुणालाच माहीत नाही. परत आत टाकला.

१८ जानेवारी, रविवार

चौकला गेले होते. फॉर्म भरताना फिलूमावशींना शब्द दिला होता, काय निघालं ते येऊन वाचून दाखवीन. मावशी तिथल्या बायकांत मोठ्या, साठीच्या, सगळ्या त्यांचं ऐकतात. चर्चमधला मिस्सा सुटल्यावर सात-आठ जणी ओट्यावर जमल्या. मी ऐटीत वाचलं, "संडासाच्या सोयीबद्दल उच्च समाधान."

मग एक हसली, मग सगळ्याच.

मावशी : "कोन बोल्लं?"
मी : "तुम्हीच की. हाय म्हणालात."
मावशी : "तू इचारलंस हाय? आमी बोललो हाय. संडास हाय. टाला पन हाय."

हात धरून मागे घेऊन गेल्या. वीस पावलं. दारावर आमच्या संस्थेची पाटी, उद्घाटनाच्या तारखेसकट. खाली गंजलेलं टाळं. मी साठ फॉर्म भरले ते सगळे बाजाराच्या पुढच्या बाजूला, सावलीत उभी राहून. वीस पावलं मागे गेले नाही.

जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. परत येताना रिक्षात डोळ्यांतून पाणी आलं, रिक्षावाल्याला म्हटलं धूळ गेली.

१९ जानेवारी, सोमवार

कसं झालं ते आता कळतंय. फॉर्म इंग्रजी नमुन्यावरून उतरवला. हाय, मीडियम, लो तसंच ठेवलं, देवनागरीत. बरं दिसत होतं. भरताना घाई. "संडासाची सोय: हाय..." एवढं ऐकून त्या उत्तर द्यायच्या, आणि पुढचे दोन शब्द उच्चारेपर्यंत माझी टिक झालेली असायची. वडील रत्नागिरीचे, गावी गेले की हाय-न्हायच बोलायचे. मला तरी कळायला नको?

त्यात भर. मॅडमनी, म्हणजे आमच्या संचालकांनी, माझा तोच परिच्छेद संस्थेच्या वार्षिक अहवालात घेतलाय. आणि संडासांच्या दुरुस्तीच्या यादीतून चौक काढलं. "तिथे तर सगळं छान आहे, तूच लिहिलंयस." मी मान हलवून बाहेर आले. तिथेच बोलायला हवं होतं.

२१ जानेवारी

गाईड सरांना फोन. सगळं सांगितलं. सर म्हणाले, "हे तुम्हाला माहीत आहे, परीक्षकाला नाही. महिनाही उरला नाही. आहे तसं द्या, 'अभ्यासाच्या मर्यादा' मध्ये दोन ओळी टाका." सर वाईट नाहीत. व्यवहाराचं बोलतायत.

दोन ओळी लिहून बघितल्या. "काही उत्तरदात्यांच्या बाबतीत भाषिक संदिग्धता..." शी. माझी चूक आणि संदिग्धता म्हणे त्यांची. खोडल्या.

२२ जानेवारी

शबाना आली होती. माझ्याच वर्गातली, नया नगरला राहते, दोन मुलं, शिवणकाम सांभाळून शिकतेय. तिला सांगितलं तर आधी पोट धरून हसली. "अरे यार, हमारे यहाँ तो हाय रोते टाइम बोलते हैं." मग म्हणाली, "चल, कब से शुरू करें?" तिचं स्वतःचं प्रकरण तीन अडकलंय. मी नको म्हटलं. ऐकेल तर शबाना कसली.

ठरलं. साठच्या साठ पुन्हा. नवऱ्याला, मिलिंदला, सांगितलं, पुढचे रविवार माझे नाहीत. तो म्हणाला, "मग डबा मी करतो, पण खिचडीच मिळेल." चालेल.

२५ जानेवारी, रविवार

नवीन फॉर्म. टिक करायचे चौकोनच काढून टाकले. एकच प्रश्न: कालचा दिवस सकाळपासून सांगा. कधी उठलात, कुठे बसलात, मध्ये कुठे गेलात.

बायका सुरुवातीला लाजल्या. मग बोलायला लागल्या त्या थांबेनात. बहुतेक जणी सकाळी पाणी पीत नाहीत. चहासुद्धा अर्धा. घरी जायचं तर टोपली कुणावर टाकून जायची? एकीला दोनदा लघवीचा त्रास होऊन डॉक्टरकडे जावं लागलं. शबाना लिहिता लिहिता थांबली. तिला म्हटलं लिही.

मावशींना विचारलं, टाळं कधीपासून? "फोटू काडले, मग पाच-सा म्हैनं चाललं. नल बिगडला. तुमचा मानूस आला, टाला लावला, बोल्ला दुरुस्त करून देतो." माणूस कोण ते त्यांना आठवत नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

बत्तीस झाले. पाय सुजलेत. ऑफिस, मग घर, मग हे. आज एका बाईने हाकललं. "परत आलीस? मागचं काय केलंस?" बरोबर बोलली. उभी राहिले. अर्ध्या तासाने तिनेच बसायला पाट दिला.

८ फेब्रुवारी, रविवार

साठ पूर्ण. शेवटचा फॉर्म मावशींचा, मुद्दाम मागे ठेवला होता. सही करताना म्हणाल्या, "आता काय वाचशील ते नीट वाच गो."

जुनं प्रकरण चार फेकलं नाही. तेही घालणार, चुकीसकट. चूक कशी झाली त्यावरच नवं प्रकरण. शीर्षकही ठरलं: "संडास हाय, टाला पन हाय."

११ फेब्रुवारी

सरांनी वाचलं. म्हणाले, "शीर्षक बदला." मी म्हटलं, नाही सर. सर : "तोंडी परीक्षेत सोलून काढतील." मी : काढू देत. थोड्या वेळाने मेसेज: पान ६१ वर शुद्धलेखन बघा. म्हणजे वाचलं शेवटपर्यंत.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅडमकडे सर्टिफिकेट सहीला घेऊन गेले. प्रकरणही दिलं, लपवून सही घ्यायची नव्हती. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, मग बसून.

"आपलीच संस्था सापडली का तुला?"
"तुमच्या यादीतून चौक गेलं ते माझ्यामुळे गेलं, मॅडम."
"अहवाल छापायला गेलाय."
"थांबवता येईल."
"आणि सही नाही केली तर?"

तर माझं वर्ष जातं, हे दोघींनाही माहीत होतं. मॅडमनी सर्टिफिकेटचा कागद ड्रॉवरमध्ये टाकला. "सोमवारी बघू."

१४ फेब्रुवारी, शनिवार

अर्धा दिवस. सगळे गेल्यावर कपाट उघडलं. "तुमचा मानूस" डोक्यातून जात नव्हता. तो जुडगा काढला, खिडकीशी नेला. तीन चाव्या, एकीला पुठ्ठ्याचा तुकडा. शाई उडालेली. ओल्या बोटाने धूळ पुसली. चौ. पुढचं अक्षर गेलंय.

वर्षानुवर्षं दर आठवड्याला हा जुडगा मीच बाजूला सारलाय.

१५ फेब्रुवारी, रविवार

चावी गंजाने फिरेना. मावशींनी खोबरेल आणलं, शबानाने ओढणीत धरून पिळली. लागली.

आत कोळ्यांची जाळी, पाली, कोपऱ्यात उद्घाटनाची वाळकी माळ. संडासाची भांडी धड आहेत. नळ फिरवला, नुसती हवा. मावशी दारातच उभ्या. "पानी न्हाय," म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, हेही लिहिते.

टाळं परत लावलं नाही. पर्समध्ये टाकून घरी आणलंय, जड आहे, वास येतोय. उद्या दहाला मॅडमच्या टेबलावर ठेवणार, चाव्यांसकट. ड्रॉवरमधला कागद त्यांनी काढायचा की नाही, त्यांचं त्या बघतील. लघुप्रबंध बांधून तयार आहे, सर्टिफिकेटचं पान कोरं ठेवलंय. विद्यापीठाची खिडकी पाचपर्यंत उघडी. सही मिळो न मिळो, मी साडेचारला तिथे रांगेत आहे.