बागेच्या पाण्याची चव

४ मे २००४, मंगळवार
जास्वंदीनं सकाळीच माना टाकलेल्या. माती मात्र ओली, बोट खुपसून पाहिलं. सुखदेव माळ्याला म्हटलं, पाणी वाढव. तर म्हणाला, "बाई, हे पानी खारट लागते जी. मी चाखून पायलं."
"बोअरचं पाणी आहे, उसाचा रस नव्हे."
गेला झारी उचलून. तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, आता हा मला चव सांगणार!

६ मे, गुरु.
पाणीकपात. वारज्यात बाकीच्या सोसायट्यांच्या बागा करपल्या, आमची तग धरून होती. श्रेय अर्थात माझं. बोअरचं जड पाणी मऊ करायचं यंत्र आणलं ते कॉम्प्युटरवाल्या मुलींच्या केसगळतीपायी (पुढारी आमची सून मृणाल). ते यंत्र धुतल्यावरचं पाणी गटारात जायचं. जीव तुटायचा. महिन्यापूर्वी प्लंबरच्या डोक्यावर उभी राहून तो पाइप बागेच्या टाकीत सोडवला. मीटिंगमध्ये टाळ्या.
आणि आता मोगराही गेला. हिरवळ पिवळी. सु.ला सांगितलं, अजून वाढव.

८ मे, शनि.
सेक्रेटरी देवधर गॅलरीतून खाली, सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल असे: "राहायला खोली दिली, वीज दिली, आता झाडांना पाणीही आम्हीच घालायचं का?"
सु. मान खाली घालून उभा. बायको पंपाच्या खोलीच्या दारात, पोरगी कडेवर. ती खोली म्हणजेच त्यांचं घर. यवतमाळहून आणलेला सगळा संसार तिथं. पुढच्या रविवारच्या, १६ तारखेच्या मीटिंगमध्ये माळी बदलायचा विषय.
पाणी तो रोज घालतो, मी पाहते. देवधरांना तिथल्या तिथे सांगता आलं असतं. का नाही बोलले? म्हणजे मग झाडं कशानं मरतायत, हे मलाच विचारलं असतं ना.

११ मे, मंगळ.
पंपाशी गेले होते. वॉचमन यंत्रात जाडं मीठ ओतत होता. जवळजवळ अर्धी गोणी.
"एवढं?"
"दिवसाआड लागतं मॅडम, यंत्र धुवायला. मग जातं सगळं त्या पाइपनं."
त्या पाइपनं. माझ्या पाइपनं.
टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं. थू.
मिठाच्या गोण्या येताना नेहमी बघत होते मी. मीठ यंत्रातच राहतं असं धरून चालले. अकरावीच्या पोरानं असं उत्तर लिहिलं असतं तर बाकावर उभं केलं असतं.

१२ मे, बुध.
कॉलेजनं मोडीत काढलेला सूक्ष्मदर्शक कपाटातून काढला. वाफ्याच्या कडेला लावलेल्या रिओच्या झुडपाचं जांभळं पान, पापुद्रा सोलला, काचेवर ठेवला. दरवर्षी मुलांना दाखवायचे तेच. जांभळा रस पेशीच्या भिंतीपासून सुटून मधे गोळा झालेला. बाहेर मीठ जास्त, म्हणून आतलं पाणी बाहेर. मुळं ओल्या मातीत आणि झाड तहानेलं. मी जेवढं पाणी वाढवायला सांगत गेले, तेवढं मीठच वाढत गेलं.
काचेवर पिण्याच्या पाण्याचा थेंब सोडला. काही पेशी हळूहळू परत भरल्या. काही तशाच. त्या मेल्या.
सु.नं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी उसाच्या रसाचा टोमणा मारला. लाज वाटते.

१३ मे, गुरु.
पाइप पुन्हा गटारात. टँकर मागवून वाफे गोड्या पाण्यानं धुवून काढायला सु.ला सांगितलं. त्यानं कारण विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. रविवारी सगळ्यांसमोरच सांगू म्हणून. (निदान स्वतःला तरी असंच सांगते आहे.)

१६ मे, रवि.
मीटिंग. उभी राहिले. बोलले. पाइप माझा, चूक माझी, माळ्याचा दोष नाही. पेशीतलं पाणी मिठाकडे कसं ओढलं जातं, ते परासरण फळ्याशिवाय समजावलं.
देवधर: "वा मॅडम! इतकं सूक्ष्म आमच्यातल्या कुणाला कळणार होतं?"
पुन्हा टाळ्या. सु. राहिला. मृणाल म्हणाली, "आई, ग्रेट हं, सगळ्यांसमोर चूक कबूल केलीत." बरं वाटलं, खोटं कशाला बोला.
खाली जिन्यापाशी सु. थांबलेला.
"राहिलो ना जी?"
"राहिलास."
मग बायकोला ऐकू जाणार नाही इतक्या हळू: "मी तुमाले आधी सांगतलं होतं, ते सांगतलं का तिथं?"
गुडघा दुखतोय म्हणून लिफ्टकडे वळले.

१८ मे, मंगळ.
जास्वंदीला एक फुटवा दिसतोय, नक्की नाही. सु. काम करतो, विचारलं की "हो" किंवा "नाही". चवीबिवीचं बोलणं बंद.
दुपारी देवधरांनी मीटिंगचं रजिस्टर पाठवलं, सहीसाठी. लिहिलंय: "पाण्यातील दोष सर्वप्रथम मॅडमनी शोधून काढला, त्याबद्दल सभा त्यांचे अभिनंदन करते."
वॉचमन रजिस्टर न्यायला दोनदा येऊन गेला. दोनदा सांगितलं, वाचतेय.